पोटातली पंगत

अंबाक्का कढईपाशी उभी राहिली की तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असा तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत रिवाजच पडून गेला होता. "तेल बोलत असताना माणसांनी गप्प राहावं," असं ती म्हणायची. मुंज असो, बारसं असो, साठीशांत असो, मराठी घरांतलं कार्य म्हटलं की चुलीपुढे अंबाक्का आणि तिच्या मागे नारळ खवणारा, पिठं चाळणारा म्हातारा तुकोजी. नैवेद्य दाखवण्याआधी चाखून बघायचं नसतं. त्यामुळे मीठ, आंबट, तिखट सगळं तिच्या नाकावर, आणि तळण तिच्या कानावर. पिठाचा थेंब तेलात सोडायची, मान जराशी कलती करायची, आणि एकतर "हं" म्हणायची नाहीतर जाळ पुढे ओढायची. वडे कधी जळले नाहीत, कधी तेल प्याले नाहीत.

एवढं करून ती जेवायची मात्र सगळ्यात शेवटी. पंगती उठल्या, पानं काढली, चूल विझवली, की मागच्या पडवीत तुकोजी आणि ती बसायची. तुकोजी सगळं वाढून घ्यायचा. अंबाक्का ताकभात आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. "दिवसभर तळणाचा वास पोटात गेलाय," म्हणायची, "आता जागा कुठे?"

भुवना तिच्या सख्ख्या भावाची मुलगी, आणि लग्न झाल्यापासून तिची सूनही. आमच्या इकडे हे चालतं. त्यामुळे ती सासूला लहानपणापासूनच्या सवयीनं आत्याच म्हणायची. भुवना प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, नवरा हरिप्रसाद वीज मंडळात. कॉलेजात तिनं बेडूक कापले होते, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे दुखेपर्यंत काचा बघितल्या होत्या. मग लग्न झालं आणि ते सगळं आठवायचं कारणच पडलं नाही.

सासू-सुनेचं एकाच गोष्टीवरून वाजायचं, ते म्हणजे तेल. ते शहाण्णव साल होतं. घरोघरी केबल आलं होतं, आणि टीव्हीवर रोज संध्याकाळी एक हसरं कुटुंब सूर्यफुलाच्या तेलात तळलेल्या पुऱ्या खाऊन आणखी हसायचं. भुवनानं ते तेल पिशवीतून घरी आणलं. अंबाक्कानं पिशवीचा कोपरा कापून नाकापाशी नेला, परत नेला, आणि तुकोजीच्या नाकापाशीही धरला.

"तुला काही येतंय का रे वास?"

"नाही अक्का."

"हे मुकं तेल आहे गे भुवने. पुढून हाक मारली तरी ओ द्यायचं नाही."

"हलकं असतं आत्या. हृदयाला चांगलं."

"हृदयाला वाढ मग. पानात मला नल्लेण्णै वाढ." नल्लेण्णै म्हणजे तिळाचं तेल. तमिळमध्ये त्याचं नावच 'चांगलं तेल', आणि अंबाक्काच्या मते एवढं नाव मिळवल्यावर त्याला जाहिरातीची गरज नव्हती.

त्या वर्षी, थंडी सरत असताना, ओरत्तनाडूला एका लग्नात कढईखालची वीट सरकली आणि उकळतं तेल अंबाक्काच्या नडगीवर आलं. तिनं काय केलं? पायाला तांदळाचं ओलं पीठ थापलं, पदर खोचला, शेवटचा घाणा काढला, पंगत उठेपर्यंत उभी राहिली आणि टाउन बसनं घरी आली. दुसऱ्या दिवशी पाय केळीच्या खुंटासारखा सुजला होता. गुडघ्यापर्यंत लाली चढली, अंगात ताप फणफणला.

डॉक्टर चिदंबरांनी पाय बघितला. दवाखान्यात ठेवून घेतलं. सुया सुरू झाल्या, मग मोठमोठ्या गोळ्या. भुवना खाटेच्या पायथ्याशी बसून ती लाली बघायची. आधी गुडघ्यावर होती, मग थांबली, मग एका सकाळी हळूच खाली उतरायला लागली. ती औषधं नसती तर पाय गेला असता. पायावर भागलंही नसतं कदाचित. हे भुवना कधी विसरली नाही, म्हणून पुढे जे झालं त्यात तिनं औषधाला बोल लावला नाही.

पाय बरा झाला आणि पोट गेलं.

काही खाल्लं की अंबाक्का मागच्या दारी धावायची. भात नको, इडली नको. पोट फुगायचं, गुरगुरायचं. पण सगळ्यात विचित्र झालं ते नाकाचं. शेजारच्या घरात फोडणी पडली की तिला ढवळून यायचं. जिला तेलाच्या वासावरून तीळ कोणत्या हंगामाचे ते कळायचं, ती बाई पदर नाकाला लावून अंगणात जाऊन उभी राहायची. भुवना फोडणीशिवाय स्वयंपाक करायला लागली. हरिप्रसाद मुकाट जेवायचा आणि कचेरीतल्या उपाहारगृहात भजी खायचा.

अशातच वेंकटराव आले. समोरच्याच गल्लीत राहायचे, निवृत्त मास्तर. त्यांची स्वतःची मुंज अंबाक्काच्या आईनं रांधली होती, मुलाची अंबाक्कानं. आता वैशाखात नातवाची होती.

"अक्का, मी घाई करत नाही," ते म्हणाले; तमिळमधलं आपुलकीचं 'मा' त्यांच्या बोलण्यात असायचंच. "पण जमणार नसेल तर सांगून टाक मा. कुंभकोणमहून माणसं बोलवावी लागतील."

अंबाक्का हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. उठून मागे गेली आणि पालथ्या घातलेल्या मोठ्या कढईपाशी उभी राहिली. कढईवर तिनं हात ठेवला, एखाद्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. भुवनानं तिला विधवा होताना बघितलं होतं, तिचे वडील गेले तेव्हा बघितलं होतं. घाबरलेली मात्र तिनं आत्याला पहिल्यांदा बघितली. आत्याचं पोट सुधारलं नाही तर एक आजारी म्हातारी घरात राहील, एवढाच तो प्रश्न नव्हता. अंबाक्का कढईपाशी परत जाणार नसेल तर मागे उरेल ती अंबाक्का असेल का, हा प्रश्न होता. आणि तो त्या पडवीत दोघींना सारखाच कळला होता.

मग अंबाक्कानं स्वतःचा उपाय काढला.

आमच्या घरांतून पूर्वी सुटीच्या दिवशी मुलांना रांगेत बसवून एरंडेल पाजायचे. गरम कॉफीत घालून, नाक दाबून. पोट धुऊन निघालं की मूल पुन्हा नवं, असा हिशेब. भुवनानंही लहानपणी याच आत्याच्या हातून ते प्यायलं होतं, तिच्याच हाताला चावून. अंबाक्काच्या मनानं घेतलं की एवढ्या औषधांची उष्णता आत भिंतीला चिकटून बसली आहे, ती धुऊन काढायला हवी. भुवना रेशनच्या दुकानात गेलेली बघून तिनं तुकोजीकडून एरंडेल मागवलं आणि एका दमात पिऊन टाकलं.

भुवना परत आली तर मागच्या दारी नळ वाहत होता आणि अंबाक्का त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे, डोळे खोल. हातानं खूण करत होती, पाणी बंद कर, वाया जातंय.

रिक्षा, दवाखाना, सलाइन. संध्याकाळी तिला जरा तरतरी आली तेव्हा डॉक्टर चिदंबर स्टूल ओढून बसले. ते तमिळमध्ये बोलत होते, अंबाक्का तमिळमध्ये ऐकत होती आणि मधूनच मराठीत भुवनाकडे बघून उद्गार काढत होती.

"अक्का, पायात जंतू शिरले होते. त्यांना मारायला आम्ही औषध दिलं. औषधाला चोर कोण आणि घरचा कोण ते कळत नाही. पोटात भले जंतू राहतात, त्यांच्यातलेही पुष्कळ मेले."

"कोणाच्या पोटात?"

"तुमच्या. माझ्याही. सगळ्यांच्याच. कोटी कोटी असतात."

अंबाक्कानं पोटावरची चादर जराशी उचलून बघितली. "मला न विचारता?"

डॉक्टर हसले. "तुमच्या जन्मापासून राहतात. तुम्ही जेवता त्यातलं जे तुम्हाला पचत नाही ते ते खातात, आणि बदल्यात घर सांभाळतात. औषधातून जे थोडे वाचले ते कसेबसे दम धरून होते. त्यांच्यावर तुम्ही एरंडेल सोडलंत."

अंबाक्कानं चादर पुन्हा सारखी केली. मग भुवनाला म्हणाली, "उपाशी माणसं ओसरीवर बसली होती आणि मी त्यांच्यावर घागर ओतली, असंच ना गे?"

"तसंच काहीसं, आत्या."

"आता काय करायचं?"

"थोडं थोडं, साधं खायचं," डॉक्टर म्हणाले. "भात, ताक. तेलातुपाचं काम पोटाला सगळ्यात जड. ते सगळ्यात शेवटी द्यायचं. कोणतं तेल ते तुम्ही ठरवा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा कळतं. किती आणि कधी, ते मी ठरवीन."

हे ऐकूनही भुवनाच्या हातून चूक झालीच. घरी आल्यावर अंबाक्काला जरा बरं वाटायला लागलं होतं. ताकभात पोटात राहत होता. तिचं वाळलेलं मनगट बघून भुवनाचा जीव तुटायचा. एका सकाळी तिनं एक कुरकुरीत डोसा केला, भरपूर तेल घालून. पिशवीतलंच तेल, वास नाही, हलकं, त्यानं काय होणार? अंबाक्कानं सुनेचा चेहरा बघितला आणि काही न बोलता खाल्ला. दुपारपर्यंत सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

भुवना स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून रडत बसली. अंबाक्का दाराच्या चौकटीला धरून आली.

"रडतेस कशाला? तुझ्या मुक्या तेलाचा काही दोष नाही. माझं बोलकं तेल असतं तरी हेच झालं असतं. आत ऐकायलाच कोणी नाही गे."

त्या वाक्यानं भुवनाला काहीतरी आठवलं. डोळे पुसून तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "आत्या, बघायचे का तुला?"

"कोण?"

"ते. जे आत असतात, तसे."

कॉलेजला सुटी लागली होती, पण महालक्ष्मी मॅडम सुटीतही प्रयोगशाळेत असायच्या. भुवनाला त्यांनी शिकवलं होतं. भुवना सासूला रिक्षातून घेऊन गेली तेव्हा त्यांनी एकदा अंबाक्काकडे बघितलं, एकदा तिच्या हातातल्या फडक्यानं झाकलेल्या गडूकडे.

"हे काय आणलंत?"

"माझ्या घरचं ताक. तुमच्याकडे कसलं असेल काय ठाऊक."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी ताकाचा इवलासा ठिपका काचेवर पसरला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला. त्यावर जांभळा रंग घातला, धुतला. अंबाक्का हे सगळं एका स्वयंपाकिणीच्या नजरेनं बघत होती. किती वेळ ठेवलं, हात किती हलका आहे. मग मॅडमनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि एका लहान बाटलीतून तिच्यावर एक पिवळसर थेंब सोडला.

अंबाक्का ताठ झाली. "ते काय घातलंत?"

"तेल."

"तेल कशाला?"

"हे भिंग सगळ्यात मोठं दाखवतं. पण काच आणि भिंग यांच्यामध्ये नुसती हवा असली तर धूसर दिसतं. मध्ये तेलाचा थेंब लागतो, तेव्हाच स्पष्ट दिसतं."

अंबाक्कानं हात पुढे केला. मॅडमना कळेना, भुवनाला कळलं. "वास घ्यायचाय त्यांना," ती हळूच म्हणाली. बाटली अंबाक्काच्या नाकाशी गेली आणि भुवनानं श्वास धरला. कालच शेजारच्या फोडणीनं ही बाई अंगणात पळाली होती.

अंबाक्कानं डोळे मिटले. एकदा वास घेतला. पुन्हा घेतला, लांब.

"लाकूड," ती म्हणाली. "कापलेलं लाकूड, डोंगरातलं. खायचं नव्हे."

"देवदाराचं तेल आहे," मॅडम म्हणाल्या.

तिला ढवळलं नाही. काहीच झालं नाही. भुवनानं धरलेला श्वास सोडला.

मग अंबाक्कानं चष्मा काढला, मॅडमनी स्क्रू फिरवला, आणि ती वाकली. आधी "काही दिसत नाही," मग "जांभळं जांभळं दिसतंय," आणि मग ती बोलायचीच थांबली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. भुवनाला ते दृश्य पाठ होतं: बारीक काड्या, आणि मण्यांच्या माळेसारखे ओळीनं जोडलेले ठिपके. परीक्षेसाठी तिनं त्याची आकृती काढून नावं दिली होती, गुण मिळवले होते. पण आता आत्याच्या मानेकडे बघताना, कढईवर कलते तशीच कललेली ती मान बघताना, तिच्या अंगावर काटा आला. आपण हे बघितलं होतं, पण असं बघितलंच नव्हतं, असं तिला वाटलं.

"ओळीनं बसलेत," अंबाक्का म्हणाली, वाकूनच. "भुवने, ओळीनं बसलेत गे. पंगत बसलीय."

"हो आत्या."

"एका थेंबात?"

"थेंबाच्याही लहानशा भागात," मॅडम म्हणाल्या. "आणि हे ताकातले, अक्का. थोडे दिवस येऊन जाणारे पाहुणे म्हणा. तुमच्या पोटातले याहून कितीतरी जातींचे. पुष्कळांना तर अजून नावंसुद्धा नाहीत. बाहेर काढलं तर जगत नाहीत, म्हणून कोणी धड बघितलेलेही नाहीत."

"हे जिवंत आहेत?"

"ज्योतीवरून फिरवताना मेले. गडूत आहेत ते जिवंत."

अंबाक्का सरळ झाली. चष्मा घालायचंही तिला सुचलं नाही. गडूवरचं फडकं तिनं नीट सारखं केलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्या जुन्या, रंग उडालेल्या सूक्ष्मदर्शकाला तिनं वाकून नमस्कार केला. मॅडमनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

रिक्षात अंबाक्का गडू मांडीवर घेऊन बसली होती. मोठ्या देवळाचं शिखर दिसलं, मागे गेलं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"जन्मभर मी लोकांना जेवू घातलं," ती म्हणाली. "मला वाटायचं पानापुढे बसलेत तेवढेच जेवणारे. प्रत्येकाच्या आत आणखी एवढी मोठी पंगत! आणि माझी पंगत ती कायम शेवटची. ताकभात घातला की झालं." थोड्या वेळानं तिनं भुवनाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग तिथूनच सुरू करू या. त्यांना तेवढंच ओळखीचं असेल. पान शेवटून मांडू."

आमच्या पानाचा क्रम ठरलेला आहे. आधी पायसाचा, म्हणजे खिरीचा थेंब, मग पचडी म्हणजे दह्यातली कोशिंबीर, भाज्या, वडा. मग वरणभात, सांबारभात, सारभात, आणि शेवटी ताकभात. अंबाक्कानं तिच्या दुखण्याला हे पान उलटं वाढलं. आधी नुसतं ताकाचं पाणी, आल्याचा रस आणि मीठ घालून. मग मऊ ताकभात. तो पोटात नीट राहायला लागला, मग बिनफोडणीचं पातळ सार. पुढे सांबार, तेही भाजी कुस्करून, तेल न दाखवता. प्रत्येक पायरीवर ती थांबायची, आणि भुवना काही विचारायला गेली की हात वर करायची. "थांब. खालून काही तक्रार येते का बघू दे." डॉक्टर चिदंबर आठवड्याला येऊन पोट दाबून बघायचे. "अक्का, तुमचं हे शेवटून वाढणं मी माझ्या इतर रोग्यांना सांगितलं तर चालेल ना?" एकदा त्यांनी विचारलं. "सांगा. पण वाढपी चांगला बघायला सांगा," अंबाक्का म्हणाली आणि भुवनाकडे बघून हसली.

सांबारापर्यंत आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता एक चमचा तेल. वरून, कच्चं. तापवलेलं नाही."

तुकोजी घाण्यावरून ताजं तिळाचं तेल घेऊन आला; आमच्याकडे तीळ गाळताना घाण्यात थोडा गूळही टाकतात. वाटी पुढे आली तेव्हा हरिप्रसाद कचेरीला जायचा थांबला होता, तुकोजी दारात उकिडवा बसला होता, आणि कोणी काही बोलत नव्हतं. जणू काही कढई तापत होती. अंबाक्कानं तळहातावर थेंब घेतला, दुसऱ्या तळव्यानं चोळला, आणि ओंजळ नाकापाशी नेली. चेहरा आक्रसला. भुवनानं वाटी मागे ओढायला हात पुढे केला.

"तुकोजी."

"अक्का?"

"तीळ ओलसर होते. गूळही जास्त घातलाय घाण्यात. त्याला सांग, अंबाक्का अजून मेली नाही."

तुकोजी हसत हसत डोळे पुसायला लागला. तेल मात्र परत गेलं नाही. गरम भातावर अंबाक्कानं ते चमचाभर सोडलं, कढीपत्त्याची पूड भुरभुरली आणि अगदी सावकाश, एकेक घास मोजल्यासारखी जेवली. मग सगळे वाट बघत बसले. दुपार झाली. संध्याकाळ झाली. दिवे लागले. मागच्या दाराची कडी वाजली नाही. भुवनाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की काहीही न होणं हीसुद्धा केवढी मोठी गोष्ट असते. आत कुठेतरी, ज्यांना नाव नाही, ज्यांना कोणी बघितलं नाही, असे कोणीतरी पुन्हा येऊन आपापल्या जागी बसत होते, आणि वर अंबाक्का शांतपणे वाती वळत होती.

दुसऱ्या सकाळी तिनं समोरच्या गल्लीत निरोप पाठवला. माणसं बोलवायची गरज नाही.

वेंकटरावांच्या मागच्या अंगणात मांडव घातला होता. मोठी कढई चढली, तळणाचं नेहमीचं शेंगदाण्याचं तेल ओतलं गेलं, जाळ लागला. वारा अंबाक्काच्या दिशेनं वाहत होता. तेल तापलं, पहिली वाफ उठली आणि सरळ तिच्या तोंडावर आली. भुवना दोन पावलं पुढे झाली. अंबाक्कानं न बघता हातानं तिला मागे थांबवलं. पिठाचा थेंब सोडला. मान कलली.

"हं," ती म्हणाली.

वडे फुलायला लागले. मुंज लागली, बटूनं सगळ्यांना नमस्कार केला आणि पहिल्या पंगतीची पानं मांडली गेली. बायकांच्या ओळीत एक पान रिकामं होतं. भुवना कढईपाशी आली.

"आत्या, ऊठ. पान मांडलंय."

"कोणाचं?"

"तुझं."

"वेडी की काय? कढई चढलीय माझी."

"तुकोजी बघेल."

"तुकोजी? तो वडा तळेल की वडाच त्याला तळेल?"

"आत्या," भुवना खालच्या आवाजात म्हणाली, "मागून वाढायला सुरुवात केली, सांबारापर्यंत आलो, वरणभातापर्यंत आलो. पान अजून पुरं व्हायचंय. आतल्यांना अर्ध्यावर ठेवणार आहेस का?"

अंबाक्कानं कढईतला घाणा काढला. मग झारा तुकोजीच्या हातात देऊन, हात धुऊन, पदर सारखा करत येऊन बसली. पुढ्यात पान ठेवून बसलेली अंबाक्का त्या गल्लीतल्या कोणीही कधी बघितली नव्हती. वाढपी तिच्यापाशी येऊन अडखळायचे. समोरच्या ओळीत वेंकटरावांनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि प्राणाहुतीचे शितांचे कण न चावता गिळले, तसे सगळे पुरुष घेतात. अंबाक्का त्यांच्याकडे बघत होती.

"आतल्यांना आधी," ती पुटपुटली.

"ते प्राणांसाठी आत्या," मागे उभी असलेली भुवना म्हणाली. "हे जंतू."

"असू देत. आत कोणीतरी वाट बघतंय, एवढं तरी ठाऊक होतं ना."

पानाच्या कोपऱ्यात पायसाचा थेंब पडला. पचडी आली. भाजी आली. अंबाक्का प्रत्येक पदार्थाकडे नवं काही बघावं तशी बघत होती. तिनंच केलेले होते सगळे. मग वडा आला, गरम, कडा अजून चुरचुरत असलेला. आसपासचं बोलणं हळूहळू थांबलं. सगळे पानाकडे बघत असल्याचं दाखवत होते आणि बघत होते तिच्याकडे.

तिनं वडा मोडला. वाफ निघाली. अर्धा तोंडात घातला, डोळे मिटले आणि चावायला लागली. गिळला. जीभ ओठांवरून फिरवली.

"आत्या?" भुवना वाकली. "काय होतंय?"

अंबाक्कानं डोळे उघडले. चेहऱ्यावर अशी नवलाई की भुवनाला प्रयोगशाळेतला दिवस आठवला.

"मीठ कमी आहे गे," ती म्हणाली. "माझ्या वड्यात मीठ कमी असतं! इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?"

समोरून वेंकटराव म्हणाले, "तुला सांगायची छाती कोणाची होती मा?"

हशा उसळला. तुकोजी कढईपाशी हसता हसता एक वडा करपवून बसला; त्याचा वास मांडवभर पसरला, आणि अंबाक्का पदर नाकाला न लावता ओरडली, "जाळ ओढ रे, जाळ!" मग उरलेला अर्धा वडा तिनं खाल्ला, बोटं पुसली. वाढपी आणखी एक घेऊन पुढे आला तेव्हा तिनं पानावर हात आडवा धरला.

"आज एकच," ती म्हणाली. "दुसरा आतल्यांना विचारून."

आणि वरणभात यायची वाट बघत बसली.